सर्वानुमते

उद्यमनगरात, चहाच्या गाड्यामागच्या जिन्यानं वर
आमच्या फाउंड्री कामगार सभेचं ऑफिस.
टेबल एक, बाक दोन,
लाल कापडी बांधणीच्या इतिवृत्ताच्या वह्या बावीस.
चार वाळवीनं खाल्ल्या. उरलेल्या माझ्या अक्षरात.

विद्यापीठातून मगदूम मॅडम बुधवारी येतात.
करार झालाय: वह्या आमच्या, रेकॉर्डर त्यांचा,
आणि जे बोललं जाईल त्याची एक प्रत
इथल्या कपाटात, कुलूप न लावता.

रजाक मुल्लाणी दोन तास बोलला.
कुपोल्याच्या झरोक्यातून रंग बघून
लोखंड ओतायचं की थांबायचं, हे तो सांगायचा.
बोलता बोलता चप्पल काढली,
पायावरचे भाजल्याचे डाग रेकॉर्डरजवळ नेले.
आम्ही हसलो. तोही.

मग शेवंताबाई तिवडे.
हिला मी बोलावलं नव्हतं.
मॅडमना जुन्या पगारपत्रकात एक ओळ सापडली होती:
कोअर शॉप, बायका, सात.
सातांतली ही एक उरलेली.

"मळी घालून वाळू मळायची.
भट्टीत भाजायची, पावाच्या लाद्या भाजत्यात तशी.
गोडाला रातच्याला मुंग्या लागायच्या.
सकाळी आलो की पयलं काम मुंग्या झाडायचं.
इंजनात पाणी खेळतंय ती पोकळ जागा हाय न्हवं?
ती आमची.
लोखंड गड्यांनी ओतलं, पोकळ आमी केली.
माल गार झाला की आमची वाळू
ठोकून ठोकून भाईर काढत्यात.
काय ऱ्हात न्हाई बगा."

(टाइप करणाऱ्या पोरानं नंतर "आलो"चं "आले" केलं.
मॅडमनी पुन्हा "आलो" केलं.)

वही नववी. मॅडमनी वाचून दाखवली:
"संप चालू ठेवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.
सर्व कामगार हजर."
तुम्ही होता का त्या सभेला?

"हुतो की. जिन्याखाली.
वर बायकांनी यायचं न्हवतं.
हात वर केला असता तर दिसला कुणाला असता?
पर चौऱ्याहत्तर दिस घरी आमीबी बसलो.
संप मिटल्यावर सातातल्या तिघींनाच घेतलं.
ते लिवलंय का कुटं?"

मी पंख्याकडे बघत राहिलो.
"सर्व"वरचा रफार काय सुंदर काढला होता मी!
माझ्या अक्षराचं जिल्ह्यात नाव होतं.

खाली कुणीतरी चहा ढवळत होतं.
तेही रेकॉर्ड झालं.

रजाक म्हणाला, "खरं बोलती ती."
बऱ्याच वेळानं म्हणाला, "ठावं हुतं आमाला."

शेवटी संमतीचा कागद.
शाईत बुडवलेला अंगठा कागदावर नुसता काळा उमटला,
रेषच नाही. वाळूनं कधीच घासून नेलेली.
"रेशनचं मशीनबी घेत न्हाई," ती म्हणाली.
"पेन द्या. सही येती मला."

हळूहळू काढली,
उजवीकडून डावीकडं, प्रत्येक अक्षर उलटं.

गुऱ्हाळाचे चरक ओतायचे तेव्हा
साच्यात ग्राफाइट फिरवायचं काम हिचं.
वाळूत कंपनीचं नाव उमटलेलं असायचं, शिवप्रताप, उलटं.
तिथली अक्षरं हिनं बोटानं उचलली,
काना-मात्रा लेकाच्या पाटीवरनं.
कुणी सांगितलंच नाही की बाहेर ती सुलटी लिहितात.

मॅडमनी कागद फिरवला, खिडकीशी धरला.
पाठीमागून, उजेडात, शेवंता.

नवव्या वहीच्या समासात मी अजून काही लिहिलेलं नाही.
दोनदा पेन उघडलं.

पुढच्या बुधवारी माझी पाळी.
मॅडमनी प्रश्न आधीच देऊन ठेवलेत.
पहिलाच: जिन्याला पायऱ्या किती?

बत्तीस वर्षं चढतोय.
आज खाली जाऊन मोजल्या.
अकरा.